रात्रीच्या दीड तासासाठी कोणता आरटीएस खेळ विकत घ्यावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे तुमच्यासारख्या इतरांना हे उत्तर लागू पडते की नाही हे त्यांचे त्यांना ठरवता येईल. तुमचे वय 34, घर कल्याणला आणि नोकरी लोअर परळला. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तुम्ही 'एज ऑफ एम्पायर्स 2' आणि 'जनरल्स' मनसोक्त खेळलात, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षे काहीच खेळला नाहीत. आता रात्रीची जेवणे आटोपल्यावर साधारण दीड तास मिळतो. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा आहे, त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. 3,000 रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे आणि घेतलेला खेळ दोन-तीन वर्षे तरी पुरावा अशी अपेक्षा आहे. रविवारी नववीतला भाचा घरी येतो, त्यालाही सोबत घेता आले तर हवे आहे.

मी 1999 सालापासून रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे आपण ज्यांना सरसकट आरटीएस म्हणतो ते खेळ खेळत आलो आहे. सुरुवात दादरच्या एका पोटमाळ्यावरच्या कॅफेत झाली, आणि गेली बारा-तेरा वर्षे मी नव्या खेळाडूंसोबत बसून त्यांचे रिप्ले, म्हणजे खेळून झालेल्या डावांचे मुद्रण, तपासतो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते शेवटी एका खेळाडूचे मत असले, तरी ते माझ्या आवडीनिवडीपेक्षा इतरांच्या चुका जवळून पाहून अधिक घडलेले आहे.

विकत घेण्याजोगा आरटीएस ओळखण्याची माझी कसोटी एकच आहे, आणि चित्रे किती सुबक आहेत किंवा खेळ किती नवा आहे याच्याशी तिचा संबंध नाही. हरल्यानंतर आपण नेमके कोणत्या क्षणी आणि कशामुळे हरलो हे ज्या खेळात शोधून काढता येते, तो खेळ पैसे देऊन घ्यावा. बुद्धिबळात आपली चाल होईपर्यंत समोरचा थांबतो. आरटीएसमध्ये घड्याळ कोणासाठीच थांबत नाही, आणि एकाच वेळी शेतीभाती, बांधकाम, टेहळणी आणि लढाई अशा चार आघाड्या सांभाळाव्या लागतात. अशा वेळी नवख्याला वाटते की समोरच्याचा हात वेगवान आहे म्हणून आपण हरलो. खरे कारण बहुतेक वेळा लढाई सुरू होण्याच्या कितीतरी आधी घडून गेलेले असते. ते कारण जो खेळ उघड करून दाखवतो तो वर्षानुवर्षे पुरतो, कारण प्रत्येक पराभवातून दुसऱ्या दिवशी करायचे काहीतरी हाती लागते. जो दाखवत नाही, तो कितीही देखणा असला तरी महिन्याभरात कोपऱ्यात पडतो.

एक उदाहरण देतो. गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या एका तरुणाने मला 'एज ऑफ एम्पायर्स 2'चा एक डाव दाखवला. विसाव्या मिनिटाच्या सुमारास प्रतिस्पर्ध्याचे घोडेस्वार, म्हणजे नाइट, त्याच्या शेतांत घुसले आणि डाव संपला. त्याचे म्हणणे होते की नाइटला तोडच नाही. आम्ही रिप्ले उघडला आणि घड्याळ मागे नेले. या खेळात एक विलेजर, म्हणजे काम करणारा गावकरी, तयार व्हायला 50 अन्न आणि खेळातल्या घड्याळाचे 25 सेकंद लागतात, आणि प्रत्येक घर फक्त 5 जणांची सोय करते. चौथ्या मिनिटाच्या पुढे त्याची लोकसंख्या 15 वर येऊन अडकली होती, कारण पुढचे घर बांधायचे राहून गेले होते. विलेजर जिथून निघतात ते टाउन सेंटर रिकामे उभे होते आणि तो मात्र नकाशाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या स्काउटच्या, म्हणजे टेहळणी करणाऱ्या घोडेस्वाराच्या, मागे लागला होता. पहिल्या बारा मिनिटांत हे तीनदा घडले. रिकामा गेलेला वेळ आम्ही कागदावर मांडला तेव्हा तो अडीच मिनिटे, म्हणजे सहा विलेजर भरला. शिवाय नाइटला 60 अन्न आणि 75 सोने लागते, तर त्याला अडवणारा भालाईत 35 अन्न आणि 25 लाकडात होतो, त्यात सोने लागतच नाही. आणि त्याच्या कोठारात त्या क्षणी भरपूर लाकूड पडून होते. तो मुलगा बराच वेळ गप्प बसला, आणि मग त्याने पुन्हा पहिल्या मिनिटापासून रिप्ले लावला. त्या दिवसापासून तो सुधारत गेला.

म्हणून माझी पहिली शिफारस 'एज ऑफ एम्पायर्स 2: डेफिनिटिव्ह एडिशन' हीच आहे. मूळ खेळ 1999 चा, ही नवी आवृत्ती नोव्हेंबर 2019 ची. तुम्ही तो खेळलेला आहात म्हणून ही शिफारस नाही; उलट, तुमच्या जुन्या आठवणींचा सुरुवातीला थोडा त्रासच होईल. कॅफेत आपला अलिखित नियम असे की पहिली वीस मिनिटे कोणी कोणावर हल्ला करायचा नाही. सगळे तटबंदी उभारत, सोने साठवत आणि मग मोठे सैन्य घेऊन एकदाच भिडत. ऑनलाइन मात्र दहाव्या मिनिटाच्या आसपास तीन-चार स्काउट तुमच्या लाकूडतोड्यांवर येऊन पडतात. गनिमी कावा कशाला म्हणतात हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते, पण तो स्वतःच्या विलेजरांवर होताना पाहणे वेगळे. पहिले पंधरा-वीस डाव तुम्ही हराल, आणि ते गृहीत धरूनच बसा.

नव्या आवृत्तीने जुन्या खेळातली कटकट बरीच कमी केली आहे. शेते आपोआप पुन्हा पेरली जातात, स्काउटला नकाशा फिरायला सोडून देता येते, आणि 'आर्ट ऑफ वॉर' नावाचे छोटे सराव-धडे आहेत, ज्यांत सुरुवातीची अर्थव्यवस्था, जलद वाढ आणि लवकर येणारा हल्ला परतवणे यांचा घड्याळ लावून सराव होतो. हे धडे ऑनलाइन जाण्याआधी करावेत असे मी आग्रहाने सांगतो. तुमच्या दीड तासात असे दोन-तीन धडे आरामात होतात. प्रतिस्पर्धी तुमच्या बरोबरीचा मिळावा म्हणून खेळात गुणांकन आहे, ते काही डावांनंतर तुमच्या पातळीला येऊन स्थिरावते. एवढ्या जुन्या खेळाला रात्री दहा वाजताही प्रतिस्पर्धी मिळतो, ही माझ्या दृष्टीने त्याची मोठीच जमेची बाजू आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या किल्ल्यात या मालिकेतल्या खेळांची मोठी स्पर्धा झाली. ज्याचे सामने पाहायला लोक अजून जमतात त्या खेळाचा खेळाडूवर्ग एका रात्रीत ओसरत नाही.

आपल्यासारख्यांना विशेष आवडेल असा त्याचा एक विस्तार आहे: एप्रिल 2022 मध्ये आलेला 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'. त्याआधी या खेळात 'इंडियन्स' नावाची एकच सरमिसळ संस्कृती, म्हणजे खेळायला निवडायचा पक्ष, होती. या विस्ताराच्या वेळी तिचे 'हिंदुस्तानी' असे नामांतर झाले आणि बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा तीन नव्या संस्कृती आल्या. सोबत बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांची कॅम्पेन, म्हणजे कथानकात गुंफलेल्या मोहिमांच्या मालिका, आहेत. केवळ नावे बदलून काम भागवलेले नाही, ही गोष्ट मला मनापासून भावली. या चारही संस्कृतींना नाइट मिळत नाहीत. त्याऐवजी उंट, हत्ती आणि हलके घोडदळ यांवर भिस्त ठेवावी लागते. किल्ल्याचे दार फोडायला मेंढायंत्राऐवजी चिलखती हत्ती येतो. गुर्जरांना मेंढ्या कापून न खाता गिरणीत बांधून ठेवता येतात आणि त्यांतून हळूहळू अन्न मिळत राहते. द्रविडांना प्रत्येक नव्या युगात, म्हणजे खेळाच्या पुढच्या टप्प्यात, शिरताना 200 लाकूड मिळते, बंगाल्यांना दोन विलेजर. या एकेका फरकाने पहिल्या पाच मिनिटांचा हिशेब बदलतो. मराठ्यांचे राज्य मात्र या खेळात नाही. त्याचा भर मध्ययुगावर आहे, त्यामुळे ती अपेक्षा ठेवून घेऊ नका. बाकीचे विस्तार आज घेण्याची गरज नाही. मूळ खेळातच 35 संस्कृती आहेत आणि वर्षभर त्यांतल्या दोनच खेळल्यात तरी शिकण्यासारखे संपणार नाही.

तुमच्या लॅपटॉपवर तो चालेल का, याचे उत्तर होय असे आहे, पण दोन गोष्टी सांभाळून. उच्च दर्जाच्या चित्रांचे वेगळे मोफत पॅक आहे, ते डाउनलोड करू नका; त्याने जागा जाते आणि तुमच्या पडद्यावर फरक फारसा दिसणार नाही. दुसरे म्हणजे, आठ जणांच्या मोठ्या डावात शेवटी दीड हजार सैनिक एकाच नकाशावर उभे राहू शकतात आणि तुमचा संगणक धापा टाकू लागला की त्याची झळ बाकीच्या सातही जणांना बसते. खेळात संगणकाची क्षमता मोजणारी चाचणी आहे, ती विकत घेतल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच करा. एकास एक आणि दोनास दोन डावांना अडचण येऊ नये.

पैसे खर्च करण्याआधी 'स्टारक्राफ्ट 2' जरूर उतरवून पाहा, कारण नोव्हेंबर 2017 पासून त्याचे पहिले कॅम्पेन, 'विंग्ज ऑफ लिबर्टी', आणि ऑनलाइन लढती फुकट आहेत. हा खेळ 2010 चा असल्यामुळे साधारण लॅपटॉपवरही खालच्या सेटिंगला चालतो. माझ्या कसोटीला तो पूर्ण उतरतो. किंबहुना कारण आणि परिणाम यांचा धागा एवढा घट्ट विणलेला दुसरा आरटीएस मी पाहिलेला नाही. टेरन, झर्ग आणि प्रोटॉस या तीन जमाती एकमेकींपासून मुळापासून वेगळ्या आहेत, तरीही वीस-पंचवीस वर्षांच्या घासाघिशीने त्यांचा समतोल जुळत आलेला आहे. डाव दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो, त्यामुळे तुमच्या दीड तासात चार-पाच डाव बसतात. पण एक सांगितले पाहिजे: यातली निर्णायक लढाई दोन-तीन सेकंदांची असते आणि त्याच क्षणी तुम्ही घरच्या कारखान्यात डोकावत असाल तर सैन्य गेलेले असते. दिवसभर काम करून आणि लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून आलेल्या माणसाला हे रोज पेलेल असे मला वाटत नाही. म्हणून माझा सल्ला असा की कॅम्पेन संपूर्ण खेळा, कारण त्यातली प्रत्येक मोहीम एखादी नवी गोष्ट शिकवते. नंतर दोघांनी मिळून संगणकाविरुद्ध खेळायच्या को-ऑप मोहिमा करा. ऑनलाइन लढतींच्या वाटेला मात्र मनाची पूर्ण तयारी असेल तरच जा. नंतरची दोन कॅम्पेन, 'हार्ट ऑफ द स्वॉर्म' (2013) आणि 'लेगसी ऑफ द व्हॉइड' (2015), पहिले आवडले तर सूट असताना घेण्यासारखी आहेत.

ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या 'एज ऑफ एम्पायर्स 4' बद्दल तुम्ही वेगळे विचारले आहे. खेळ चांगला आहे, आणि त्यातली दिल्ली सल्तनत मला फार आवडते: तिला संशोधनासाठी अन्न किंवा सोने द्यावेच लागत नाही, फक्त वेळ द्यावा लागतो, आणि मशिदीत विद्वान बसवले की तो वेळ कमी होतो. पैसा आणि वेळ यांची अशी अदलाबदल शिकवणारी दुसरी संस्कृती या मालिकेत नाही. पण तुमच्या यंत्रावर तो अगदी खालच्या सेटिंगलाच चालेल, आणि मग ज्या चित्रांसाठी तुम्ही जास्त पैसे देणार तीच तुम्हाला दिसणार नाहीत. लॅपटॉप बदलाल तेव्हा त्याचा विचार करा.

आता ज्या खेळाबद्दल लोक क्वचित विचारतात आणि मी नेहमी सुचवतो त्याकडे येतो: 'कंपनी ऑफ हीरोज', 2006 चा. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईवर तो आधारलेला आहे. यात शेती नाही, लाकूडतोड नाही. नकाशा तुकड्यांत विभागलेला असतो आणि जो तुकडा ताब्यात असेल त्यातून मनुष्यबळ, दारूगोळा किंवा इंधन मिळते. पण तो तुकडा तुमच्या तळाशी सलग जोडलेला असेल तरच. मधला एक तुकडा शत्रूने घेतला की पुढचे सगळे कोरडे पडतात. माउस एखाद्या भिंतीवर नेला की तिथे ठिपके उमटतात: हिरवे म्हणजे भक्कम आडोसा, पिवळे म्हणजे कामचलाऊ, लाल म्हणजे उघड्यावर. मशीनगनच्या माऱ्यात सापडलेली तुकडी जमिनीला चिकटते आणि रांगू लागते. तिला तिथेच मरू द्यायचे की माघारी बोलवायचे, हा निर्णय तुमचा. माघारीसाठी एक कळ आहे, आणि नवे खेळाडू ती वेळेवर दाबत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की शिकवताना पहिला आठवडा मी फक्त माघारच शिकवतो. हरलेली चकमक लवकर ओळखून माणसे वाचवणे ही गोष्ट या खेळाइतकी स्पष्ट कुठेच शिकायला मिळत नाही. वीस वर्षे जुना होत आला असला तरी दिसायला तो अजून नेटका आहे, तुमच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालेल आणि सूट असताना अगदी स्वस्त मिळतो. 2013 आणि 2023 चे पुढचे भाग नंतर पाहता येतील. सुरुवात पहिल्यापासूनच करा, निदान त्याच्या कॅम्पेनसाठी तरी.

'जनरल्स' आणि एकूणच 'कमांड अँड कॉन्कर' मालिकेबद्दल माझ्या मनात मोठी जागा आहे. 1992 च्या 'ड्यून 2' ने या प्रकाराला त्याचे आजचे रूप दिले आणि त्याच कंपनीने, वेस्टवूडने, 1995 मध्ये 'कमांड अँड कॉन्कर' काढला. मुंबईच्या कॅफेंत 2003 चा 'जनरल्स' आणि त्याचा 'झीरो आवर' हा विस्तार किती चालायचा हे तुम्हाला मी सांगायला नको. ही जुनी मालिका 2024 पासून स्टीमवर, म्हणजे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, एकत्रित संचात मिळते, आणि जून 2020 मध्ये पहिल्या दोन खेळांचा 'रीमास्टर्ड' संच निघाला, ज्यात चित्रे आणि संगीत नव्याने घडवले आहे पण खेळाचे मूळ चलनवलन तसेच ठेवले आहे. ते तसेच ठेवणे ही मेहनतीची आणि सचोटीची गोष्ट आहे. तरीही कसोटी लावली तर हे खेळ कमी पडतात. खनिज आणणारी गाडी वाट चुकून शत्रूच्या तोफांखाली जाते, संगणकाचा प्रतिस्पर्धी ठरावीक चाली करतो, आणि हरण्याचे कारण पुष्कळदा खेळाच्या जुनाट रचनेत असते, आपल्या निर्णयात नसते. आठवणींसाठी घ्या, मोठ्या सुटीत कॅम्पेन खेळा. रोजच्या दीड तासासाठी नको.

दमून आलेल्या दिवसासाठी एक संथ खेळ हाताशी असावा, आणि त्यासाठी 2018 चा 'नॉर्थगार्ड' मला योग्य वाटतो. व्हायकिंगांची छोटी वसाहत, नकाशाचे आखलेले विभाग, आणि दर वर्षी येणारा हिवाळा, ज्यात अन्नाचे उत्पादन घटते आणि सरपण जास्त लागते. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी बेगमी करतात तशी येथे हिवाळ्याची बेगमी करावी लागते, आणि ती चुकली की माणसे आजारी पडतात. हात वेगाने चालवण्याची गरज नाही, विचार मात्र करावा लागतो. 'दे आर बिलियन्स' हा 2019 मध्ये पूर्ण झालेला खेळ एकट्याने खेळायचा आहे आणि घड्याळ थांबवून आज्ञा देता येतात. पण त्यात तटबंदीतल्या एका फटीमुळे कित्येक तासांची मेहनत काही मिनिटांत जाते. कारण अगदी लख्ख कळते, हे खरे. तरी दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्याने तो शनिवारीच खेळावा.

फुकट मिळणाऱ्यांत '0 ए.डी.' हा मुक्त स्रोत खेळ तुमच्या भाच्यासाठी चांगला आहे. त्यात मौर्यांचे राज्य आहे, आणि हत्ती केवळ लढत नाहीत, बांधकामालाही लावता येतात. 'बियाँड ऑल रीझन' हा दुसरा मोफत खेळ 1997 च्या 'टोटल अ‍ॅनिहिलेशन'च्या परंपरेतला, अवाढव्य सैन्यांचा आहे आणि माझ्या मते आज फुकट मिळणाऱ्या आरटीएसमध्ये तो सर्वांत समृद्ध आहे. तुमच्या लॅपटॉपवर मात्र त्याचे मोठे डाव झेपणार नाहीत.

खरेदीबाबत थोडे. स्टीमवर भारतातल्या किमती रुपयांत दिसतात आणि यूपीआयने पैसे देता येतात. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर मोठ्या सवलती असतात. एवढ्या जुन्या खेळांची पूर्ण किंमत देण्याचे काहीच कारण नाही, यादीत टाकून ठेवा आणि थांबा. खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि खेळण्याचा एकूण वेळ 2 तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मागता येतात, म्हणून ते दोन तास भरण्याआधीचा वेळ कथानकात न घालवता वेग, आवाज आणि ऑनलाइन जोडणी तपासण्यात घालवा. अजून तयार होत असलेले, 'अर्ली अ‍ॅक्सेस' म्हणून विकले जाणारे आरटीएस घेऊ नका. या प्रकारात समतोल जुळायला वर्षे लागतात आणि तोवर खेळाडू टिकतीलच असे नाही. स्वस्तात 'की', म्हणजे खेळ सुरू करण्याचा सांकेतिक क्रमांक, विकणाऱ्यांपासूनही दूर राहा. 2006 च्या सुमारास मी एका विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत सीलबंद दिसणारी डिस्क घेतली होती. घरी आल्यावर कळले की तिची की आधीच वापरलेली आहे, आणि पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा ती माझी दोन महिन्यांची बचत होती.

तुमच्या 3,000 रुपयांची विभागणी मी अशी करीन. सवलतीत 'एज ऑफ एम्पायर्स 2' आणि त्याचा भारतीय विस्तार घ्या, जमल्यास जुना 'कंपनी ऑफ हीरोज' घ्या, आणि उरलेले पैसे खेळांवर खर्च करू नका. लॅमिंग्टन रोडवर जाऊन हातात धरून पाहून एक बऱ्यापैकी तारेचा माउस आणि राउटरपासून टेबलापर्यंत पुरेल एवढी नेटवर्क केबल घ्या. लॅपटॉपच्या टचपॅडवर आरटीएस खेळता येत नाही, आणि रात्री नऊ ते अकरा या वेळेत, इमारतीतले सगळे घर वायफायवर असताना, तारेची जोडणी असेल तर बराच फरक पडतो. पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, एकूण किती आहे यापेक्षा तो स्थिर आहे का हे पाहा. सतत सारखाच उशीर होत असेल तर हाताला त्याची सवय होते, मध्येच बसणाऱ्या हिसक्यांची मात्र होत नाही.

आणि दीड तास पूर्ण खेळण्यात घालवू नका. दोन डाव खेळा, त्यांतल्या हरलेल्या डावाचा रिप्ले दहा मिनिटे पाहा, आणि टाउन सेंटर पहिल्यांदा रिकामे कधी राहिले ते मिनिट एका वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी तेवढे एकच सुधारायचे. मी वही अजूनही ठेवतो.

भाच्यासाठी लगेच दुसरी प्रत घेण्याची घाई करू नका. 'एज ऑफ एम्पायर्स 2'मध्ये दोघांनी मिळून खेळायची ऐतिहासिक कॅम्पेन आहेत, पण त्यासाठी दोन संगणक आणि दोन प्रती लागतात; त्याला गोडी लागली तर पुढच्या सवलतीत त्याची प्रत घ्या. तोवर कॅफेत पैसे अपुरे पडले की आम्ही जे करायचो ते करा. एकच संगणक, दोन खुर्च्या. माउस भाच्याकडे, कीबोर्ड तुमच्याकडे. त्याने सैन्य चालवायचे, तुम्ही हॉटकीने, म्हणजे कीबोर्डवरच्या ठरलेल्या कळीने, टाउन सेंटर निवडून विलेजर काढत राहायचे, आणि लोकसंख्या 13 झाली की त्याला सांगायचे, "घर बांध."